न दिसणारा सांधा, न दिसणारे धुके

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाचा तरी हँडल घासून जातो आणि गाडीच्या पुढच्या दारावर हातभर लांब ओरखडा उमटतो. गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाते. गॅरेजवाला एका दाराचे काम पाहतो आणि अंदाज मात्र तीन पॅनेलचा देतो: ओरखडा पडलेले दार, त्याच्या पुढचे फेंडर आणि मागचे दार. ‘नुकसान एका दाराचे आणि पैसे तीन पॅनेलचे?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक गाडीमालक विचारतो. बहुतेकांना ही सरळसरळ लुबाडणूक वाटते. विम्याचा सर्व्हेअरही कधी कधी याच मुद्द्यावर अडून बसतो.

गंमत अशी, की या एका बाबतीत गॅरेजवाल्याचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असते. शेजारची दोन पॅनेल त्याला रंगवायची असतात ती नुकसान झाले म्हणून नव्हे, तर पाहणाऱ्याच्या डोळ्याला फसवण्यासाठी. आणि या फसवणुकीची जी किंमत बिलात लिहिलेली नसते, ती रंगाऱ्याच्या फुप्फुसांतून वसूल होते. डोळा आणि फुप्फुस अशा दोन अवयवांची ही गोष्ट आहे.

डोळा रंग विसरतो, कड विसरत नाही

माणसाच्या डोळ्याची रंगांची स्मरणशक्ती फारशी चांगली नाही. एका खोलीत पाहिलेली पांढरी भिंत आणि दुसऱ्या खोलीतली किंचित पिवळसर भिंत आपल्याला सारखीच वाटते. पण त्याच दोन रंगांचे तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवले, की फरक लगेच डोळ्यांत भरतो. रंगातला फरक तेवढाच असतो, मध्ये फक्त एक कड आलेली असते.

ध्वनीच्या वेगाच्या मापाला ज्यांचे नाव दिले गेले, त्या ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिक अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये या विषयावर लिहिले होते. फिकट आणि गडद भाग जिथे भेटतात, तिथे फिकट बाजूला आणखी उजळ आणि गडद बाजूला आणखी काळपट पट्टा दिसतो. प्रत्यक्षात असा पट्टा नसतोच. डोळा तो स्वतःच तयार करतो. पुढे हॉल्डन केफर हार्टलाइन यांनी ‘हॉर्स-शू क्रॅब’ या सागरी प्राण्याच्या डोळ्यावर प्रयोग करून यामागची यंत्रणा दाखवून दिली. प्रकाश पडलेली पेशी मेंदूकडे संदेश पाठवते आणि त्याच वेळी शेजारच्या पेशींचा आवाज दाबते. त्यामुळे सपाट भागातले संदेश मंदावतात आणि कडेवरचे ठळक होतात. दृष्टीविषयीच्या संशोधनासाठी हार्टलाइन यांना १९६७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

जंगलात लपलेला प्राणी ओळखायला ही यंत्रणा फार कामाची आहे. गाडी रंगवणाऱ्याची मात्र तीच डोकेदुखी आहे. दार आणि फेंडर यांच्या मधली फट ही जणू आखून दिलेली कड. तिच्या एका बाजूला नवा रंग आणि दुसऱ्या बाजूला जुना रंग आला, की एरवी कुणाच्या लक्षातही न येणारा फरक ओरडून सांगू लागतो.

यावर उपाय एकच. फरक मिटवता येत नसेल तर कड मिटवायची. नवा रंग दारावरून फेंडरवर आणि मागच्या दारावर हळूहळू विरळ करत न्यायचा. इतका हळूहळू, की तो नेमका कुठे संपला हे डोळ्याला कळू नये. कापड रफू करणारा कारागीर फक्त फाटलेल्या भोकापुरता दोरा घालत नाही. आजूबाजूच्या धड कापडातही तो दोरा आत नेतो आणि मगच रफू बेमालूम होतो. गॅरेजमध्ये ज्याला ‘ब्लेंडिंग’ म्हणतात, ते रंगाचे रफू आहे.

कोड एक, छटा अनेक

इथे एक साहजिक शंका येते. प्रत्येक गाडीवर रंगाचा कोड असतो. दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर तो छापलेला असतो. त्याच कोडचा रंग आणून मारला तर तो जुळायला नको का?

जुळायला हवा, पण बहुधा तंतोतंत जुळत नाही. याची कारणे पत्र्यावरच्या थरांत आहेत. कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून आणि मग विजेच्या साहाय्याने चिकटणाऱ्या गंजरोधक रंगाच्या टाकीतून जातो. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग देणारा ‘बेसकोट’ आणि सर्वांत वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त. यात रंग म्हणून जे दिसते त्या बेसकोटचा वाटा जेमतेम १५-२० मायक्रॉनचा.

कारखान्यात हा थर यंत्रमानव देतात. वेगाने फिरणाऱ्या घंटेसारख्या तोटीतून विद्युतभारित थेंब उडतात आणि पत्र्याकडे ओढले जातात. गॅरेजमध्ये तोच रंग माणूस हातातल्या गनने मारतो. शिवाय एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या प्रकल्पात थोडा वेगळा निघतो. म्हणून रंग कंपन्या एका कोडच्या अनेक उपछटा देतात. त्यात गाडी चार-पाच उन्हाळे उघड्यावर उभी राहिलेली असेल तर जुना रंग आपली मूळ छटा सोडून थोडा सरकलेलाच असतो.

खरी परीक्षा मेटॅलिक रंगांची. चंदेरी किंवा राखाडी गाडीच्या रंगात ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या मिसळलेल्या असतात. त्या जितक्या आडव्या पसरतील, तितका रंग समोरून चमकदार आणि कडेने पाहिल्यावर काळपट दिसतो. रंग ओला, भरघोस मारला तर चकत्या खोलवर आणि वेड्यावाकड्या बसतात आणि समोरून छटा गडद येते. हात कोरडा ठेवला, तर त्या पृष्ठभागाजवळ राहतात आणि छटा फिकट येते. म्हणजे डबा तोच, गन तीच, माणूसही तोच. फक्त हाताचा वेग, हवेचा दाब किंवा त्या दिवशीचे तापमान बदलले, तरी रंग बदलतो. मे महिन्यातल्या दुपारी थिनर भराभर उडून जातो, म्हणून जाणकार रंगारी उन्हाळ्यासाठी सावकाश उडणारा थिनर वापरतात.

याच कारणाने मेटॅलिक रंग मोजणारे यंत्र एकाच कोनातून मोजून थांबत नाही. तीन, पाच किंवा त्याहून अधिक कोनांतून परतणारा प्रकाश ते तपासते. तरीही शेवटचा शब्द यंत्राचा नसतो. चांगला रंगारी आधी एका कार्डावर रंग फवारून, त्यावर क्लिअर मारून, वाळवून ते कार्ड गाडीवर धरतो आणि उन्हात नेऊन पाहतो. ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण डोळ्याला सारखी वाटणारी दोन मिश्रणे वेगवेगळ्या रंगद्रव्यांची असू शकतात आणि प्रकाश बदलला की त्यांचे बिंग फुटते. साडीच्या दुकानातून ब्लाउजपीस घेऊन दारात उन्हाला जाणाऱ्या बायकांना हे शास्त्र पूर्वीपासून ठाऊक आहे.

सांधा कसा लपवतात?

ब्लेंडिंगची कृती ऐकायला सोपी आहे. खराब झालेल्या जागेचा पोचा काढून, लांबी भरून, घासून सपाट केले जाते आणि त्यावर प्रायमर चढतो. तो वाळला की बारीक वॉटर पेपरने घासतात. शेजारच्या पॅनेलवरचा रंग मात्र काढत नाहीत. त्यावरची चकाकी तेवढी अतिशय बारीक पेपरने किंवा घासणीने मोडतात, म्हणजे नव्या थराला पकड मिळते. तेल, मेण, बोटांचे ठसे पुसले जातात. इथली घाई पुढे महिन्या-दोन महिन्यांत पापुद्र्यांच्या रूपाने बाहेर येते.

मग बेसकोट. पहिला हात फक्त प्रायमर झाकण्यापुरता. दुसरा त्याच्या थोडा पलीकडे. तिसरा आणखी पलीकडे आणि आणखी विरळ. प्रत्येक फेरीच्या टोकाला रंगारी मनगट हलकेच वळवून गन पत्र्यापासून दूर नेतो आणि घोडा सोडतो. म्हणजे रंगाची फेरी एका रेषेवर थांबत नाही, विरत जाते. मेटॅलिक रंगात विरणाऱ्या टोकाला कोरडे थेंब पडून तिथे करडी सावली उमटण्याचा धोका असतो. म्हणून त्या भागावर आधी पारदर्शक द्रवाचा पातळ ओला थर देतात. त्यात पडणाऱ्या चकत्यांना आडवे व्हायला वेळ मिळतो. काचेला किंवा रबराला लावायची मास्किंग टेपही अशा ठिकाणी सरळ चिकटवत नाहीत; ती दुमडून तिची कड उचललेली ठेवतात, नाहीतर टेप काढल्यावर तिथे रंगाचा बारीक बांध उरतो.

शेवटी क्लिअर कोट. तो मात्र विरळ करत न नेता तिन्ही पॅनेलवर कडेपासून कडेपर्यंत मारतात. क्लिअर पॅनेलच्या मध्येच संपवला, तर त्याची पातळ कड विशेष थिनरने विरघळवून आणि पॉलिश करून लपवता येते; पण इतका पातळ थर ऊन-पावसात टिकत नाही आणि काही काळाने तिथेच रेघ दिसू लागते. म्हणून नियम साधा आहे: रंग मध्ये विरू दे, क्लिअर कडेला जाऊन थांबू दे. मागच्या चाकावरचे पॅनेल छताच्या खांबाशी अखंड जोडलेले असते, तिथे फटच नसल्याने हा नियम पाळणे सर्वांत अवघड. अशा वेळी खांबाची सर्वांत अरुंद जागा शोधून क्लिअर तिथे संपवतात, म्हणजे सांधा निदान लहान राहतो.

तीन पॅनेलच्या बिलाचा उलगडा हा असा आहे. मात्र याच ठिकाणी गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो. डोळ्याला फसवायचे तर क्लिअर एका पॅनेलऐवजी तीन पॅनेलवर मारावा लागतो. आणि गॅरेजमधल्या डब्यांत श्वासाच्या दृष्टीने विशेष घातक असलेला घटक बहुधा त्या क्लिअरच्या हार्डनरमध्येच असतो.

भट्टी नाही, म्हणून हार्डनर

हार्डनर लागतोच कशाला, याचे उत्तर तापमानात आहे. कारखान्यात रंगवलेला सांगाडा सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून जातो आणि क्लिअर कोट तिथे कडक होतो. रस्त्यावर धावलेली गाडी त्या भट्टीत घालता येत नाही. प्लॅस्टिक, रबर, वायरिंग आणि सीट सगळेच बिघडेल. गॅरेजमधल्या बंदिस्त बूथचे तापमान साधारण ६० अंशांपर्यंत नेता येते आणि रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये तेही नसते.

गाड्यांवर फवारायचे जुने रंग वेगळे होते. १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग अमेरिकेत गाड्यांवर आला आणि वाळण्याचा काळ दिवसांवरून तासांवर आला. थिनर उडाला की तो वाळायचा. पुन्हा थिनर लागला की विरघळायचा. त्यामुळे नवा थर जुन्यात विरघळून मिसळायचा आणि सांधा लपवणे सोपे जायचे. पण असा रंग उन्हाने निस्तेज व्हायचा आणि वारंवार पॉलिश मागायचा.

आजचा टिकाऊ, काचेसारखा क्लिअर कोट पॉलियुरेथेनचा असतो. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधले. यात दोन घटक असतात. एका डब्यात राळ आणि दुसऱ्यात हार्डनर. फवारण्याच्या आधी ते ठरलेल्या प्रमाणात मिसळले, की त्यांची रासायनिक विण सुरू होते आणि भट्टीशिवाय थर कडक होतो. हार्डनरमधला काम करणारा घटक म्हणजे आयसोसायनेट.

हे नाव ऐकताच १९८४ चे भोपाळ आठवेल. तिथे गळती झाली ती मिथाइल आयसोसायनेटची. ते अतिशय सहज वाफ होणारे रसायन होते. गाडीच्या हार्डनरमध्ये ते नसते. तिथली आयसोसायनेट मोठ्या रेणूंची असतात आणि डब्यात स्वस्थ पडून असताना फारशी उडत नाहीत. पण गनमधून ती सूक्ष्म थेंबांच्या रूपात हवेत सोडली जातात. जे रसायन आपणहून हवेत गेले नसते, ते गन हवेत नेते.

घशाच्या औषधाची पिचकारी

या गनचा वंशवृक्ष विलक्षण आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात ॲलन डीव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात आतपर्यंत औषध पोहोचावे म्हणून त्यांनी द्रवाचे तुषार करणारी पिचकारी बनवली आणि १८८८ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. त्यांच्या मुलाने, थॉमस डीव्हिलबिस यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली. द्रवाचे इतके बारीक थेंब करायचे, की ते श्वासमार्गात पोहोचावेत, ही वैद्याची गरज होती. रंगाऱ्याला बारीक थेंब हवे असतात ते पृष्ठभाग गुळगुळीत व्हावा म्हणून. पण थेंबांना हा फरक कळत नाही. औषधासारखेच तेही श्वासाबरोबर आत जातात.

जुन्या पद्धतीच्या गनमधून निघालेल्या रंगातला अर्ध्याहून अधिक भाग पत्र्यावर न बसता हवेत उडत असे. आता कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या गन मिळतात. त्यांत निदान ६५ टक्के रंग पत्र्यावर बसावा अशी अपेक्षा असते. म्हणजे चांगल्यातली चांगली गन घेतली तरी बराच रंग धुके होतो. त्यातले मोठे थेंब खाली बसतात. अगदी बारीक थेंब मात्र बराच वेळ तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. हे बारीक धुके नेहमीच्या उजेडात दिसतही नाही.

शरीराची चुकीची ओळख

आयसोसायनेटचा गुण हाच त्याचा दोष आहे. राळेतल्या रेणूंना धरून ठेवायला ते आतुर असते, म्हणून रंग कडक होतो. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या प्रथिनांनाही ते तितक्याच आतुरतेने चिकटते. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला असे बदललेले प्रथिन परके वाटू शकते आणि ती त्याविरुद्ध सज्ज होते. याला संवेदनशील होणे म्हणतात. हे कधी काही आठवड्यांत घडते, कधी कित्येक वर्षांनी. सगळ्यांना होते असेही नाही. पण एकदा झाले, की त्यानंतर अगदी अल्प मात्राही दम्याचा झटका आणू शकते. मग शेजारच्या बूथमध्ये दुसरा कुणी क्लिअर मारत असला, तरी त्रास होतो. त्वचेवर वारंवार हार्डनर लागल्यानेही ही संवेदनशीलता येऊ शकते, असे संशोधकांचे मत आहे. म्हणून उघड्या हातांनी मिश्रण ढवळणे हीसुद्धा किरकोळ गोष्ट नाही.

ब्रिटनमधली ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ ही सरकारी यंत्रणा सांगते, की गाड्यांवर फवारणी करणाऱ्या रंगाऱ्यांना दमा जडण्याचा धोका तिथल्या सर्वसाधारण कामगारांच्या तुलनेत सुमारे ८० पट आहे. याशिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्येच रंगाऱ्याच्या व्यवसायाला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकले. त्यात थिनर, रंगद्रव्ये, घासताना उडणारी धूळ अशा अनेक गोष्टींचा एकत्रित वाटा आहे.

या दम्याची लक्षणे फसवी असतात. काम दुपारी होते आणि खोकला रात्री येतो, कारण प्रतिक्रिया काही तासांनी उमटू शकते. छातीत दडपण, शिट्टीसारखा आवाज, पहाटे दम लागणे ही लक्षणे ‘थंडी बाधली’ किंवा ‘धूळ गेली’ म्हणून सोडून दिली जातात. गावी जत्रेला आठवडाभर गेल्यावर बरे वाटते आणि कामावर परतल्यावर पुन्हा त्रास सुरू होतो, हा सर्वांत बोलका इशारा आहे.

वास नाही म्हणजे धोका नाही?

गॅरेजमधला सर्वांत मोठा गैरसमज वासाविषयी आहे. नाकात जाणारा उग्र वास थिनरचा असतो. आयसोसायनेट धोकादायक पातळीला असतानाही त्याचा वास येईलच असे नाही. त्यामुळे ‘वास गेला, आता मास्क काढायला हरकत नाही’ हा हिशेब चुकतो. नाकावर बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क या धुक्यापुढे निरुपयोगी आहे. कोळशाच्या डब्यांचा मास्क त्याहून बरा, पण तो कधी निकामी झाला हे वासावरून कळत नाही, कारण वासच नाही. म्हणून बंदिस्त जागेत हार्डनरयुक्त रंग मारताना बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क हाच योग्य मानला जातो.

असा मास्क असूनही एक सवय घात करते. फवारणी संपताच रंगारी चेहऱ्यावरची काच वर करतो आणि वाकून पत्र्याकडे पाहतो: कुठे रंग ओघळला का, सांधा दिसतो का. ब्लेंडिंगमध्ये तर हे पाहणे कामाचाच भाग आहे. पण त्या क्षणी न दिसणारे धुके त्याच्या नाकाभोवती तसेच असते. चांगल्या बूथमधली हवा स्वच्छ व्हायला काही मिनिटे लागतात. साध्या खोलीत वीस मिनिटे किंवा त्याहूनही जास्त. तोवर काच खालीच असली पाहिजे.

आपल्याकडची अडचण याच्याही आधी सुरू होते. अनेक लहान गॅरेजमध्ये बूथच नसतो. प्लॅस्टिकचा पडदा, एक टेबलफॅन आणि कॉम्प्रेसर एवढ्यावर काम चालते. पडद्यामुळे धूळ रंगावर बसत नाही, पण धुकेही बाहेर जात नाही. वीस फुटांवर दुसरा पोरगा लांबी घासत बसलेला असतो, त्याच्या तोंडावर काहीच नसते. १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत ‘आयसोसायनेट विषबाधा’ होती. परंतु कारखान्याची व्याख्या ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होते. दोन-तीन माणसांचे गॅरेज त्यातून निसटते आणि तिथला दमा कोणत्याही नोंदवहीत जात नाही.

डॉक्टरांनी विचारायचा एक प्रश्न

दमा मोठेपणी पहिल्यांदाच सुरू झालेल्या रुग्णाला ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. त्यापुढचा प्रश्न: ‘सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का?’ उत्तर होकारार्थी असेल, तर फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारे ‘पीक फ्लो मीटर’ हे स्वस्त साधन फार उपयोगी पडते. दिवसातून चार वेळा, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांतही, काही आठवडे नोंदी ठेवल्या की आलेखच बोलू लागतो.

हे लवकर ओळखणे महत्त्वाचे आहे. लक्षणे सुरू झाल्यावर लवकर फवारणीपासून दूर झालेल्यांची तब्येत सुधारण्याची शक्यता बरीच जास्त असते; वर्षानुवर्षे त्याच धुक्यात राहिलेल्यांचा दमा काम सोडल्यानंतरही मागे उरू शकतो. इन्हेलर घेत घेत तीच फवारणी करत राहणे म्हणजे गळते छप्पर तसेच ठेवून खाली बादली लावण्यासारखे आहे. अर्थात ‘काम सोडा’ हे सांगणे सोपे आहे. ज्याच्या हातात पंधरा वर्षांचे कसब आहे, त्याचे पोट त्याच कसबावर चालते. गॅरेजमालकाने अशा माणसाला रंग जुळवणे, मोजमाप, पॉलिश अशा कामांकडे वळवले तर कसबही वाचते आणि माणूसही.

ग्राहकाच्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे, प्रत्येक ओरखड्याला रंग लागत नाही. नख आडवे फिरवून पाहावे. ते कुठेही अडकले नाही, तर ओरखडा बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे आणि रबिंग-पॉलिशने निघू शकतो. नख अडकले किंवा पांढरा-करडा प्रायमर दिसू लागला, तर मात्र रंगाला पर्याय नाही. पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरण्याआधी काम करून घ्यावे. बंपरच्या तळाशी, जिथे नजर जात नाही, तिथला बारीक टवका ब्रशच्या टचअपने झाकला तरी चालतो. प्रत्येक सांधा अदृश्य असायलाच हवा असे नाही.

दुसरे, घरी फवारणीचा मोह. बाजारात मिळणारे साधे रंगाचे स्प्रे थिनर उडून वाळणारे असतात. तेही मोकळ्या हवेत, मुलांपासून आणि ज्योतीपासून दूर वापरायचे. पण ज्या डब्याच्या तळाशी हार्डनर मोकळा करणारे बटण असते, तो दोन घटकांचा असतो. तो हातात मावत असला तरी त्यातले धुके गॅरेजमधल्यासारखेच असते. असा डबा बंद पार्किंगमध्ये किंवा बाल्कनीत वापरू नये.

तिसरे, गाडी ताब्यात घेताना ती दिवसाउजेडी, समोरून आणि दोन्ही कडांनी पाहावी. चंदेरी रंगाचा सांधा समोरून लपतो आणि तिरक्या नजरेला सापडतो. फवारणी चालू असताना मात्र शेजारी उभे राहून पाहू नये, लहान मुलांना तर तिथे नेऊच नये. ‘संध्याकाळपर्यंत गाडी द्याच’ अशी घाईही करू नये. त्या घाईत सर्वांत आधी कापला जातो तो हवा स्वच्छ होण्याचा वेळ.

आणि शेवटचे, अंदाजपत्रकावर घासाघीस करतानाचे. तीन पॅनेल का, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहेच आणि चांगला गॅरेजवाला ते समजावूनही सांगेल. त्याच जोडीला आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत: फवारणी कुठे होते आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर काय असते? बूथ आणि हवेचा मास्क असलेल्या ठिकाणी काम थोडे महाग पडते. चार गिऱ्हाइकांनी हे प्रश्न विचारले, तर पाचव्या वेळी गॅरेजमालक मास्कची किंमत स्वतःहून काढून पाहील. दारावरचा सांधा कुणाला दिसला नाही, तरी तो लपवणाऱ्याचा खोकला त्याच्या घरच्यांना रात्रभर ऐकू येतो.